बर्फ म्हणजे बर्फ

ते वारले तेव्हा वाचनालयात शोकसभा झाली. मी पाच मिनिटं बोललो आणि पाचही मिनिटं खोटं बोललो. 'शब्दांचे निस्सीम उपासक' असं काहीबाही म्हणालो. समोरची माणसं माना हलवत होती, कारण तीही त्यांना चांगली ओळखून होती आणि खरं बोलायची त्यांचीही इच्छा नव्हती. ते स्वतः तिथे असते तर पहिल्याच वाक्याला त्यांनी मला अडवलं असतं. 'निस्सीम म्हणजे किती?' असं विचारलं असतं.

ते कोर्टात भाषांतरकार होते. साक्षीदारांच्या मराठी जबान्या इंग्रजीत करायच्या आणि साहेबाचं इंग्रजी मराठीत, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त होऊन भिसेगावात राहायला आले, पण कोर्ट त्यांच्या अंगातून निघालं नाही. त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत असे. मी कर्जतला शाळेत इंग्रजी शिकवायचो आणि तेवढ्यावरून ते मला अर्धशिक्षित समजत.

त्यांचा आवडता शब्द होता 'मोघम'. 'काय म्हणता, बरे आहात ना?' असं कोणी म्हटलं की ते थांबत, छत्री जमिनीला टेकत आणि म्हणत, "प्रश्न मोघम आहे." भाजीवालीने 'ताजी हाय वो साहेब' म्हटलं की विचारत, "केव्हा तोडली? कोणादेखत तोडली?" पुढेपुढे ती त्यांना लांबून पाहिल्याबरोबर टोपलीवर फडकं टाकायची. गावातल्या एकाने मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, ती त्यांनी लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' या शब्दांखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, 'यास पुरावा?' मुलीचा बाप रडवेला होऊन माझ्याकडे आला. मी त्याची समजूत घातली आणि घरी येऊन हसलो. त्या हसण्याची आता लाज वाटते.

त्यांचा दुसरा अभिमान म्हणजे, 'मी शब्द वाढवत नाही आणि गाळत नाही.' हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत. तीस वर्षांत त्यांच्या भाषांतराला एकही हरकत आली नव्हती म्हणे. या अभिमानाचं खरं रूप मला एका तारेवरून कळलं. त्या वेळी तारा इंग्रजीत येत आणि आसपासच्या वाड्यांतली माणसं त्या वाचून घ्यायला त्यांच्याकडे येत. एकदा एक शेतकरी तार घेऊन आला. त्याची आई थोरल्या भावाकडे सुरतेला होती. तारेत दोनच गोष्टी होत्या: आई गंभीर, ताबडतोब निघा. अशा तारेचा अर्थ तेव्हा शेंबड्या पोराला कळायचा. माणूस गेला की तारेत 'गंभीर' लिहीत, म्हणजे येणारा वाटेत कोसळू नये. तो शेतकरीही ओळखून होता. त्याने विचारलं, "म्हंजे गेलीच न्हवं, साहेब?"

ते म्हणाले, "तारेत तसं म्हटलेलं नाही."

"न्हाय, पन आपलं..."

"गंभीर आहे असं म्हटलं आहे. गंभीर म्हणजे जिवंत. मी शब्द वाढवत नाही."

त्या माणसाचा चेहरा उजळला. स्टेशनाबाहेर त्याने आईसाठी संत्री घेतली. हे मला नंतर त्यानेच सांगितलं. संत्री घेऊन तो सुरतेला पोचला तेव्हा तिसऱ्या दिवसाची राख सावडून झाली होती. ही गोष्ट मी त्यांना सांगितली तर ते म्हणाले, "मग भाषांतरात चूक काय होती?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी मोजकंच बोलू लागलो. घर मात्र सोडलं नाही, आणि ते काकूंमुळे.

काकू म्हणजे त्यांची बायको. तिच्याबद्दल लिहायला मला जास्त आवडलं असतं, पण तिच्यात विक्षिप्त असं काही नव्हतं. तिला एकच नाद होता, रहस्यकथांचा. वाचनालयातल्या सगळ्या रहस्यकथा तिने वाचल्या होत्या, आणि निम्मं पुस्तक झालं की ती पान मुडपून ठेवायची आणि खुनी कोण ते सांगायची. माझ्या माहितीत ती एकदाही चुकली नव्हती. त्या घरात ती कशातच बरोबर नसे. तिने 'पाऊस येणार' म्हटलं तर तेही मोघम असे. खुनी ओळखण्यात मात्र ती बरोबर असे, आणि हे त्यांनाही नाकारता येत नव्हतं. म्हणून ते त्याला 'फालतू वाङ्मय' म्हणत.

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. एका डोळ्याचं ऑपरेशन साधलं नाही, आणि दुसऱ्याला हात लावायची डॉक्टरांची तयारी होईना. वर्षभरात तिला समोरच्या माणसाची फक्त सावली दिसू लागली. तिने त्याचा गवगवा केला नाही. एकदा मात्र तांदूळ पाखडता पाखडता मला म्हणाली, "मास्तर, डोळे गेले ते गेले. माझ्या आईचंही असंच झालं होतं. आधी डोळे गेले, मग डोकं. शेवटी मला 'कोण गं तू' म्हणायची. माझं डोकं जाता कामा नये."

मी म्हणालो, "काहीतरीच काय."

"काहीतरी कसं? मला एखादं नवीन पुस्तक आणा. कोणीच न वाचलेलं. खुनी ओळखता आला तर डोकं शाबूत आहे. नाहीतर समजायचं, सुरुवात झाली."

ते पुस्तक मी आणलं. खोपोलीच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला स्वीडिश इंजिनिअर परत गेला, तेव्हा त्याच्या घरातली रद्दी कर्जतच्या दुकानात आली. तिच्यात ही कादंबरी होती. मूळ स्वीडिश, पण इंग्रजीत आलेली. मी ती आधी वाचून काढली. फार थोर होती असं नाही. उत्तरेकडच्या एका गावात गोठलेल्या तळ्यावर एका सावकाराचं प्रेत सापडतं. शोध लावते ती साठीची एक जाडी बाई. पोलिसांशी तिचा काही संबंध नाही. लोकांचे फोन चोरून ऐकते म्हणून तिला टेलिफोनच्या नोकरीतून काढलेलं असतं. दुपारपर्यंत झोपते, डब्यातली खारवलेली मासळी बोटांनी खाते, ज्याच्या घरी चौकशीला जाते तिथला एक चमचा उचलून आणते. काकूंना ती आवडणार याची मला खात्री होती.

वाचून मी दाखवणार होतो, पण ते मधे पडले. "इंग्रजी पुस्तक माझ्या घरात वाचलं जाणार असेल तर भाषांतर मी करीन," म्हणाले. "तुम्ही मास्तर लोक सारांश सांगता."

रोज पाच वाजता चहा झाला की ओटीवर बैठक बसे. ते आरामखुर्चीत, काकू पाटावर भिंतीला टेकून, मी पायरीवर. घरकामाला येणारी सखूबाई निवडायला काहीतरी घेऊन दारात बसायची. पहिला दिवस प्रकाशकाचा पत्ता आणि 'सर्व हक्क स्वाधीन' यातच गेला. पान बदललं की ते पानाचा आकडा वाचत. आणि भाषा अशी: "सदर बाईने सदर घरातून चांदीचा एक चमचा, मालकाच्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने काढून घेतला."

काकू पदराआड हसायची. "आणखी एक चमचा झाला. किती झाले हो?"

"चार," ते म्हणायचे. "ही बाई साक्षीदार म्हणूनसुद्धा उभी करण्याच्या लायकीची नाही."

"पर हुशार हाय," सखूबाई म्हणायची.

"हुशारीचा संबंध नाही. चारित्र्य बघावं लागतं."

"तुम्ही पुढं वाचा," काकू म्हणायची. तिचा चेहरा त्या दिवसांत फार छान दिसायचा.

बाराव्या दिवशी ते वाक्य आलं. पंचनाम्यातलं साधं वाक्य होतं, पण सगळं रहस्य त्यात होतं. प्रेताखाली गोठलेल्या तळ्याचा कडक, गुळगुळीत बर्फ होता, आणि भोवताली आभाळातून पडलेला भुसभुशीत बर्फ. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. त्यांनी वाचलं, "प्रेताच्या खाली बर्फ होता व प्रेताच्या सभोवार बर्फ होता. पान एकशे बारा."

मी पायरीवर ताठ झालो. काकूही पाटावर पुढे सरकली. "खाली बर्फ आणि सगळीकडून बर्फ?"

"होय."

बर्फ म्हटल्यावर आमच्याकडे आठवतं काय? तर गोणपाटात गुंडाळलेली, भाताचा तूस चिकटलेली लादी. ती रसाच्या दुकानात येते, कोळणींच्या पाट्यांत येते, आणि तिसऱ्या एका कामासाठी घरी येते. सखूबाई ते बोलून गेली. "आमच्या मामंजींना असंच ठेवलं व्हतं. खाली लादी, बाजूनं लाद्या. थोरला लांबून येईस्तवर."

काकूने बोटांवर काहीतरी मोजलं. मग हळूहळू म्हणाली, "म्हणजे कोणीतरी त्याला नीट ठेवलं आहे. पुतण्या बोटीनं यायचा आहे ना, तोवर प्रेत खराब होऊ नये म्हणून. मारणारा माणूस एवढी काळजी घेतो? घेतो, जर तो घरातलाच असेल तर. ती म्हातारी मोलकरीण. तिनं सावकाराला लहानाचं मोठं केलं. तिनंच मारलं, आणि तिलाच बघवलं नाही."

मी चाट पडलो. लेखकाला सुचलं असतं तर त्याचं पुस्तक दुप्पट चांगलं झालं असतं.

बैठक उठल्यावर मी त्यांना विहिरीपाशी गाठलं. म्हटलं, "त्या वाक्यात दोन शब्द आहेत. दुसऱ्याला निदान भुसभुशीत बर्फ म्हणा."

"'भुसभुशीत' मुळात आहे का?"

"नाही, पण..."

"मग साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालू?"

"हिम म्हणा."

"हिम पुराणात पडतं," ते म्हणाले. "कोर्टात बर्फ म्हणजे बर्फ."

नऊ दिवसांनी शेवट आला. खुनी होता घरचा डॉक्टर. बर्फ पडायला आठ वाजता सुरुवात झाली, आणि डॉक्टर साडेसातला, रोगी ठणठणीत आहे असं सांगून निघून गेला होता. ती जाडी बाई ते एका वाक्यात सिद्ध करते. ते त्या वाक्यापाशी आले आणि अडखळले. चौदा वर्षांत मी त्यांना अडखळताना तेव्हाच पाहिलं. चष्मा काढला, पुसला, लावला. मग त्याच जुन्या आवाजात वाचलं, "प्रेताखाली बर्फ होता, परंतु प्रेताखाली बर्फ नव्हता. सबब मृत्यू आठ वाजण्यापूर्वी झाला असला पाहिजे."

सखूबाईने मान वर केली. "हाय आन् नाय, दोन्ही?"

काकू म्हणाली, "पुन्हा वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं.

"अजून एकदा."

त्यांनी तिसऱ्यांदा वाचलं. एका अक्षराचा फरक नाही.

"मजकूर असाच आहे?"

"मी शब्द वाढवत नाही आणि गाळत नाही," ते म्हणाले.

"बरं," काकू म्हणाली. भिंत चाचपत उठली आणि आत गेली. उरलेली चार पानं त्यांनी रिकाम्या पाटाला वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवसापासून काकू बदलली. भाताला पाणी किती घालायचं हे तिच्या बोटांना डोळ्यांपेक्षा चांगलं कळायचं, ते ती सखूबाईला विचारू लागली. 'मीठ घातलं का मी?' असं दोन-दोनदा विचारू लागली. विचारू लागली म्हणून चुकूही लागली. एक दिवस आमटी अळणी, एक दिवस तोंडात घालवेना इतकी खारट. सखूबाई मला म्हणाली, "मास्तर, काकूंचं कायतरी बिनसलंया."

मी काकूंपाशी जाऊन बसलो. दोन शब्दांची गोष्ट सांगितली, जमेल तेवढी समजावून. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "मास्तर, माझी समजूत नका घालू. तुम्ही चांगले आहात, तुम्ही घालणारच. ते मात्र समजूत घालत नाहीत. त्यांनी वाचलं म्हणजे पुस्तकात तसंच असणार. सगळ्या जगाला ते वाक्य कळत असेल, मला कळलं नाही. आईचं असंच झालं होतं."

म्हणजे त्या माणसाच्या खरेपणाचा तिला एवढा भरवसा होता की त्यापायी ती स्वतःला वेडी ठरवायला तयार होती. असल्या खरेपणाला काय म्हणायचं, मला अजून शब्द सापडलेला नाही.

मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "तुम्ही त्यांना सांगा. माझ्यावर त्यांचा विश्वास नाही."

ते वर्तमानपत्र वाचत होते. वर न बघता म्हणाले, "भाषांतराला हरकत घ्यायची असेल तर लेखी घ्यावी लागते."

मी खोलीत जाऊन लेखी हरकत लिहिली. शाळेच्या कागदावर, तारीख घालून: पान एकशे बारा आणि शेवटचं प्रकरण येथील एकाच मराठी शब्दामुळे ऐकणारीची दिशाभूल झाली असून त्याने तिच्या प्रकृतीस अपाय होत आहे. त्यांनी ती दोनदा वाचली. 'प्रकृतीस'मधला 'ती' मी ऱ्हस्व काढला होता, तो लाल पेन्सिलीने दीर्घ केला. कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "रविवारपर्यंत मुदत द्या."

रविवारी सकाळी ते कर्जतच्या बाजारात गेले. बर्फवाल्याने नंतर मला सांगितलं, की त्यांनी लादी मागितल्यावर त्याने हातातली आरी खाली ठेवली आणि विचारलं, "कोन गेलं, साहेब?" ते म्हणाले, "सावकार." हातगाडीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी आणि मागून काळा कोट घातलेले ते, अशी वरात भिसेगावात शिरली, तेव्हा बायका पदर डोक्यावर घेऊन दारात आल्या. दोघीतिघी तर रडत रडतच आमच्या अंगणात पोचल्या. काकू ओटीवर बसली होती. आवाज ऐकून तिने विचारलं, "कोण गं गेलं?"

"कोन नाय वो," सखूबाई म्हणाली. "बर्फ तुमच्याच घरी आलाय. आन् तुमी तर बसलाय."

त्यांनी कोणाकडे लक्ष दिलं नाही. मला म्हणाले, "तुम्ही पंच. उभे राहा." परातीत लादी ठेवली. पाट्याजवळचा वरवंटा आणून लादीवर आडवा ठेवला. "हा मयत," म्हणाले. मग नारळ खवायची विळी घेतली आणि तिच्यावर बसले. जन्मात ते विळीवर बसले नव्हते. कोट गुडघ्यांत अडकला, पण बर्फाचा तुकडा धरून ते खवत राहिले. खाली ताटात पांढरा भुगा साचला. तो त्यांनी मुठीमुठीने वरवंट्यावर आणि भोवती भुरभुरवला. हात लाल झाले होते. रडायला आलेल्या बायका तोंडात पदर घालून हसत होत्या.

"पुढे ये," ते काकूंना म्हणाले. "हात दे."

त्यांनी तिचा हात धरून भुग्यावर ठेवला. मग वरवंटा उचलला आणि हात त्याच्या जागी ठेवला. तिथे लादी गुळगुळीत होती. काकूने तिथे हात फिरवला. मग बाजूला फिरवला. पुन्हा मधे आणला. आता कोणी हसत नव्हतं.

"इथं हे नाही," ती म्हणाली. "वरवंटा आधी ठेवला होता. मग हे पडलं."

"होय."

"म्हणजे तो आधीच मेला होता. हे पडायला आठला लागलं." तिने पुन्हा भुग्यावर बोटं टेकवली. "डॉक्टर साडेसातला गेला. रोगी ठणठणीत आहे म्हणाला, आणि रोगी तेव्हा मेलेला होता. डॉक्टरच."

"होय," ते म्हणाले.

काकूच्या चेहऱ्यावर गेल्या कित्येक दिवसांत पाहिला नव्हता असा उजेड आला. मला वाटलं, झालं, सुटलो. पण तिचा हात अजून परातीतच होता.

"या दोन्हींना तुम्ही बर्फच म्हणालात?"

"मराठीत शब्द एकच आहे. त्याला भाषांतरकार जबाबदार नाही."

"ते नाही विचारलं. वाचतानाच तुम्हाला माहीत होतं, की ही दोन वेगळी आहेत?"

मला वाटलं ते म्हणतील, प्रश्न मोघम आहे. पण प्रश्न मोघम नव्हता.

"होतं."

"मी तीनदा वाचायला लावलं तेव्हाही?"

"होतं."

काकूने परातीतून हात काढला. पदराला नीट, एकेक बोट कोरडं केलं. अंगणातल्या बायका अजून उभ्या होत्या, तरी ती आवाज न उतरवता म्हणाली, "मास्तर, उद्यापासून तुम्ही वाचा."

ते विळीवरून उठले नव्हते. कोटाच्या बाहीवर बर्फाचा भुगा विरघळत होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मी ऐकायला बसलो तर चालेल?"

"बसा," काकू म्हणाली. "पण मधे बोलायचं नाही."

ते बसले. पुढे तीन वर्षं, काकू जाईपर्यंत, रोज पाच वाजता ते पायरीवर येऊन बसत, आणि मधे एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांच्यासाठी मुद्दाम चुकीची भाषांतरं केली, तरी नाही.